कोकणातली नावे संगणकावर जुळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयाची सभासद नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर, देवस्थानच्या वर्गणीच्या याद्या, जमिनीचे जुने उतारे. कोकणातल्या कितीतरी गावांत हे कागद आता कोणी ना कोणी संगणकावर उतरवत आहे. उतरवून झाले की पहिली अडचण शोधाची येते. नाव यादीत असते, पण सापडत नाही. लेखन आणि उच्चार यांच्या जवळिकीवरून नावे जुळवण्याच्या पद्धतींबद्दल अशी कामे करणारे जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरे. प्रोग्रामिंग येत नसले तरी बहुतेक भाग समजेल अशा बेताने लिहिले आहे.

यादीत ‘वेंगुर्ले’ आहे. ‘वेंगुर्ला’ शोधले तर काहीच येत नाही. असे का?

कारण संगणक नाव वाचत नाही, चिन्हांचे क्रमांक ताडून पाहतो. शेवटचा काना आणि मात्रा यांचे क्रमांक वेगळे, म्हणून त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. आपल्याला गाव एकच आहे हे माहीत असते, ते ज्ञान त्याच्याकडे कोणी घातलेले नसते. नाव जुळवण्याच्या सगळ्या पद्धती म्हणजे हे ज्ञान नियमांत बसवून त्याला देण्याचे प्रयत्न आहेत. कुठल्या भाषेतले, कुठल्या मुलखातले ज्ञान त्या नियमांत आहे, यावर सगळे अवलंबून असते. माझा आग्रह आहे तो इथेच: कोकणातल्या नावांसाठी नियम कोकणातल्या उच्चारांवरून बांधायला हवेत. परदेशातून तयार आलेले नियम जसेच्या तसे लावले तर ते आपल्या माणसांची सरमिसळ करतात. कशी, ते पुढे दाखवले आहे.

दोन शब्द डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, तरी शोध लागत नाही. हे कसे?

हा प्रश्न उच्चाराच्याही आधी सोडवायचा असतो, आणि बहुतेक जण तो गाळून पुढे जातात. ‘पऱ्या’, म्हणजे छोटा ओढा, हा आपला शब्द घ्या. जमिनीच्या वर्णनात ‘पऱ्याकडील’, ‘पऱ्यालगत’ असे तो सतत येतो. यातला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, मधे एक न दिसणारे जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. आत मात्र चिन्हांची संख्याही वेगळी. एकाने मोबाइलवर टाइप केले, दुसऱ्याने ऑफिसातल्या जुन्या कीबोर्डवर, की यादीत दोन ‘पऱ्या’ तयार झाले.

तसेच ‘ॲड.’चे. वकिलांच्या नावापुढे लागणारा हा ॲ काही जण एकाच चिन्हाने लिहितात, तर काहींचा कीबोर्ड अ आणि चंद्र अशी दोन चिन्हे टाकतो. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी जी जागतिक यादी, त्या युनिकोडमध्ये एकसंध ॲ २००८ साली आला, त्यामुळे त्याआधीच्या फाइलींत दुसरे रूपच मिळते. युनिकोडची प्रमाणीकरणाची ठरलेली पद्धत या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडत नाही. तिच्या हिशेबी ही रूपे मुळातच भिन्न आहेत. म्हणून स्वतःचा एक छोटा साफसफाईचा टप्पा लागतो: न दिसणारी चिन्हे काढणे, ऱ आणि ॲ एका रूपात आणणे, दुहेरी मोकळ्या जागा घालवणे, आणि ‘श्री.’, ‘सौ.’, ‘कै.’ ही बिरुदे नावापासून वेगळ्या रकान्यात नेणे. जुन्या उताऱ्यांतले ‘बिन’, ‘वलद’ (अमक्याचा मुलगा) आणि स्त्रियांच्या नावापुढचे ‘भ्र.’ (भ्रतार, म्हणजे नवरा) हेही वेगळ्या रकान्यात. ते पुसू नका, त्यावरून नाते कळते.

एवढे केले तरी शोध बराच सुधारतो. उच्चाराचे नियम त्यानंतर.

साउंडेक्स नावाची पद्धत सगळीकडे वाचायला मिळते. ती काय आहे?

उच्चारावरून नावे जुळवण्याची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत पसरलेली पद्धत. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली तिचे पेटंट घेतले. तेव्हा संगणक नव्हते. कार्डांच्या कपाटात सारख्या आवाजाची नावे एका जागी पडावीत, हा हेतू. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या जुन्या जनगणनांची सूची याच पद्धतीने केली गेली.

पद्धत सोपी आहे. इंग्रजी नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे. पुढच्या व्यंजनांना गटाप्रमाणे अंक द्यायचे: बी, एफ, पी, व्ही यांना १, सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २, डी, टी यांना ३, एलला ४, एम, एन यांना ५, आरला ६. स्वर गाळायचे, एच, डब्ल्यू आणि वाय यांनाही अंक नाही. एकाच गटाची अक्षरे लागोपाठ आली तर अंक एकदाच. तीन अंक झाले की थांबायचे, कमी पडले तर शून्ये लावायची.

आता कोकणातली तीन आडनावे यातून काढू. ‘सावंत’ हे आडनाव कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. डब्ल्यूने लिहिले तर संकेत येतो एस ५३०, कारण डब्ल्यू गळाला. व्हीने लिहिले तर एस १५३. एकाच घरातले दोन भाऊ, एकाचे स्पेलिंग मुंबईच्या शाळेत ठरले, दुसऱ्याचे गावच्या, आणि साउंडेक्सने त्यांना दोन वेगळ्या कपाटांत टाकले. उलट ‘परब’ आणि ‘प्रभू’ पाहा. पी, मग आरचे ६, मग बीचा १. दोघांचाही संकेत पी ६१०. दोन अगदी वेगळी आडनावे एका कपाटात.

यात रसेल यांच्या पद्धतीला दोष देण्याचे कारण नाही. ती इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानासाठी बांधली होती. व्ही आणि डब्ल्यू हे इंग्रजीत दोन आवाज आहेत, आपल्याकडे ते दोन्ही ‘व’ आहेत.

मग नंतरच्या सुधारलेल्या पद्धती वापराव्यात का?

न्यूयॉर्क राज्याच्या एका यंत्रणेसाठी १९७० साली निसिस आली, लॉरेन्स फिलिप्स यांचे मेटाफोन १९९० साली आणि डबल मेटाफोन २००० साली. इंग्रजी स्पेलिंगच्या बारकाव्यांसाठी या चांगल्या आहेत. आपल्यासाठी त्यांच्यापेक्षा बोधप्रद आहेत ती दुसरी दोन उदाहरणे. जर्मन नावांसाठी १९६९ साली कोलोन पद्धत स्वतंत्रपणे केली गेली, आणि पूर्व युरोपातल्या ज्यू आडनावांसाठी १९८५ साली डाइच-मोकोटॉफ पद्धत आली. या दुसरीत संकेत सहा अंकी असतो, आणि एखाद्या नावाचे दोन उच्चार संभवत असतील तर त्याला दोन संकेत मिळतात. म्हणजे त्या त्या समाजाने आपल्या नावांसाठी आपली पद्धत केली. आपल्याकडे ती मोकळीक आणखी मोठी आहे, कारण वर्णमालाच उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दन्त्य, ओष्ठ्य. इंग्रजीत जे गट मुद्दाम पाडावे लागले ते आपल्या अक्षरक्रमात आधीच आहेत.

लेव्हेनश्टाइन अंतर म्हणजे काय?

एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती बदल लागतात, तो आकडा. बदल तीनच: एक चिन्ह घालणे, एक काढणे, एकाच्या जागी दुसरे ठेवणे. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ साली हे मांडले. त्यांच्यासमोर प्रश्न होता संदेश पाठवताना होणाऱ्या चुका सुधारण्याचा. त्याच्या एक वर्ष आधी फ्रेडरिक डॅमेरॉ यांनी दाखवले होते की टंकलेखनातल्या शेकडा ८०हून अधिक चुका एकाच बदलाच्या असतात. त्यांच्या यादीत चौथा प्रकारही होता: शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल.

‘वेंगुर्ला’ आणि ‘वेंगुर्ले’ यांच्यातले अंतर १. ‘सावंत’ आणि ‘सावन्त’ यांच्यातले २, कारण अनुस्वाराच्या जागी न आला आणि हलन्त वाढला. इथपर्यंत ठीक. आता ‘चिपळूण’ आणि ‘चिपलुन’ घ्या. ळचा ल, दीर्घ ऊचा ऱ्हस्व, णचा न. अंतर ३. आणि ‘देवगड’ व ‘देवरूख’? ‘देव’ सामाईक, पुढच्या ‘गड’चे ‘रूख’ करायला लागतात तीनच बदल. अंतर पुन्हा ३. एका ठिकाणी एकच गाव दोन हातांनी लिहिलेले, दुसऱ्या ठिकाणी एक खाडीकाठचे आंब्याचे गाव आणि एक संगमेश्वर तालुक्यातले. आकडा सारखाच.

यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. सगळ्या बदलांना सारखी किंमत द्यायची नाही. ऱ्हस्वाचे दीर्घ होणे जवळजवळ फुकट, समजा ०.१. ळ–ल, ण–न, श–स यांना ०.२. अल्पप्राण–महाप्राण, म्हणजे क–ख, द–ध, यांना ०.४. बाकी सगळे १. या हिशेबाने चिपळूण–चिपलुन यांचे अंतर ०.५ होते, देवगड–देवरूख तिथेच ३वर राहतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या यादीवर बेतून बदला. पण बदलांना निरनिराळी किंमत देणे ही यातली एकच गोष्ट करायची झाली तरी करा, इतका तिचा फायदा आहे.

जॅरो-विंकलर कुठे बसते?

मॅथ्यू जॅरो आणि विल्यम विंकलर यांचे काम अमेरिकेच्या जनगणनेसाठी १९८०च्या दशकात आणि १९९०च्या सुमारास झाले. त्यात दोन नावांच्या साम्याला शून्य ते एक असा गुण मिळतो, आणि नावांची सुरुवात जुळली तर तो वाढवला जातो, पहिल्या चार चिन्हांपर्यंत. मराठीत इथे सांभाळावे लागते. देवनागरीत चार चिन्हे म्हणजे अनेकदा जेमतेम दोन अक्षरे, कारण काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘देव’ने सुरू होणारी सगळी गावे एकमेकांच्या जवळ सरकतात. वापरायचेच असेल तर चिन्हे न मोजता पूर्ण अक्षरे मोजा.

मराठी नावांसाठी उच्चाराची किल्ली कशी बांधायची?

किल्ली म्हणजे नावाचे एक साधे केलेले रूप. दोन नावांच्या किल्ल्या सारख्या आल्या की ती एकत्र दाखवायची. एकच किल्ली पुरत नाही. मी तीन सुचवतो: घट्ट, मध्यम आणि सैल.

घट्ट किल्लीत फक्त लेखनाचे भेद मोडायचे. ऱ्हस्व-दीर्घ एक करायचे. पंचमवर्णाचे जोडाक्षर अनुस्वारात आणायचे: ‘न्त’चा ‘ंत’, ‘म्ब’चा ‘ंब’, ‘ङ्ग’चा ‘ंग’. मग हलन्त काढून टाकायचा. हलन्त काढल्याने ‘केळुस्कर’ आणि ‘केळुसकर’, ‘आच्रेकर’ आणि ‘आचरेकर’ आपोआप जुळतात. मराठीत मधला अ बोलताना गळतो आणि लिहिणारा कधी तो ऐकू येतो तसा लिहितो, हे त्यामागचे कारण. मात्र क्रम पाळा. आधी अनुस्वार, नंतर हलन्त. उलट केले तर ‘सावन्त’चे ‘सावनत’ होते आणि ते ‘सावंत’ला कधीच मिळत नाही.

जुन्या कागदांसाठी घट्ट किल्लीतच आणखी एक नियम हवा. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या नोंदीत ‘गांव’, ‘नांव’, ‘मिठबांव’ अशीच रूपे मिळतात. म्हणून वच्या आधीचा आणि शब्दाच्या शेवटचा अनुस्वार गाळायचा.

मध्यम किल्लीत उच्चाराचे भेद येतात. ळचा ल, णचा न, श आणि षचा स. ‘चिपळूण’, ‘चिपळुण’, ‘चिपलून’, ‘चिपलुन’ चारही ‘चिपलुन’वर येतात. गावांच्या नावांसाठी इथे आणखी एक नियम घाला: शेवटचा ए आणि शेवटचा आ गाळा. प्रमाण मराठीत जे नपुंसकलिंगी नाव ए-कारान्त आहे ते मालवणीत ‘आं’वर संपते, त्यामुळे आचरे–आचरा, वेंगुर्ले–वेंगुर्ला अशा जोड्या किनाऱ्यावर जागोजाग आहेत. आडनावांना हा नियम लावू नका. तिथे ‘राणे’ आणि ‘राणा’ एक होऊन बसतील.

सैल किल्लीत पहिले अक्षर सोडून सगळे स्वर आणि सगळे अनुस्वार गळतात, आणि महाप्राणाचा अल्पप्राण होतो. ही किल्ली फार गोळा करते. ‘परब’ आणि ‘प्रभू’ घट्ट आणि मध्यम किल्लीत वेगळे राहतात, इथे मात्र दोन्ही ‘परब’वर येतात. म्हणजे साउंडेक्समध्ये जे झाले तेच. म्हणून सैल किल्लीचा उपयोग फक्त ‘हे तर नव्हे?’ अशी लांबची यादी दाखवण्यापुरता करायचा. शोधाचे उत्तर आधी घट्टमधून, तिथे नसेल तर मध्यममधून, आणि वापरणाऱ्याने ‘आणखी दाखवा’ म्हटले तरच सैलमधून.

ळ आणि ल एक केले तर ‘काळे’ आणि ‘काले’ एक होणार नाहीत का?

होतील. ही दोन्ही आडनावे खरी आहेत, म्हणून घट्ट किल्ली आधी आणि मध्यम नंतर. नियम सोडायचा नाही, त्याची पायरी ठरवायची.

मालवणी, आगरी, कोळी या बोलींसाठी वेगळे नियम लागतात का?

लागतात, आणि ते सरसकट लावायचे नसतात. दक्षिणेकडे, सिंधुदुर्गात, पुल्लिंगी नावाचा शेवट ओ होतो: घोडा–घोडो, आंबा–आंबो. शेताचे, पाणंदीचे, झाडाचे नाव ज्यात आहे अशा स्थलनामांना हा नियम उपयोगी पडतो. उत्तरेकडे, रायगडच्या आगरी-कोळी पट्ट्यात, णचा न आणि ळचा ल होतोच, शिवाय डचा र होतो. ‘गाडी’ची ‘गारी’, ‘घोडा’चा ‘घोरा’. नाव सांगणाऱ्याने ‘वारा’ म्हटले आणि लिहिणाऱ्याने तसेच लिहिले तर तो ‘वाडा’ आहे हे कळायला हा नियम हवा. पण तोच नियम मालवणच्या यादीवर लावलात तर विनाकारण ड आणि र यांची गल्लत. नोंद कुठल्या तालुक्यातली आहे हे माहीत असते, त्यावरून नियम निवडा. आणि बोलीचे नियम मूळ यादीला न लावता शोधणाऱ्याने टाइप केलेल्या शब्दाला लावा, म्हणजे एका शब्दाची दोन-तीन पर्यायी रूपे करून ती सगळी शोधा. यादी जशीच्या तशी राहते.

यासाठी ऐकणारा कान लागतो. गावातल्या वयस्क माणसांना वाड्यांची, पऱ्यांची, बांधांची नावे मोठ्याने म्हणायला सांगा आणि लिहून घ्या. हे काम कुठल्याही ग्रंथालयातल्या पुस्तकात मिळणार नाही.

मुंबईचे नातेवाईक इंग्रजीत टाइप करतात. तेव्हा काय?

इंग्रजी अक्षरांत मराठीचे निम्मे भेद पुसले जातात. एलमध्ये ल आणि ळ दोन्ही, एनमध्ये न आणि ण दोन्ही, एमध्ये अ आणि आ दोन्ही. म्हणून इंग्रजीवरून एकच मराठी रूप काढायचा प्रयत्न करू नका. सगळी संभाव्य रूपे काढा आणि यादीत जी खरोखर आहेत तेवढीच दाखवा. दुसरा मार्ग सोपा: यादीतल्या मराठी नावाचे आधीच एका ठरावीक पद्धतीने रोमन रूप करून ठेवायचे, आणि शोधणाऱ्याच्या स्पेलिंगलाही तेच साधे रूप द्यायचे. डब्ल्यूचा व्ही, दोन ओंचा यू, पीएचचा एफ, एक्सचा केएस, दुहेरी एचा एकेरी ए. ‘अलिबाग’च्या स्पेलिंगात काही जण शेवटच्या जीच्या आधी यू घालतात, तो काढायचा.

ज्ञसाठी वेगळी ओळ लागतेच. मराठी माणूस ‘ज्ञानेश्वर’ डी-एन-वायने लिहितो, हिंदी भागात शिकलेला जी-वायने, आणि संस्कृतच्या शिस्तीने चालणारा जे-एनने. तिन्हींचा पहिला आवाजच वेगळा असल्याने पहिल्या अक्षरावर उभी असलेली कुठलीही पद्धत इथे हरते.

इंग्रजी अमलातल्या कागदांची गोष्ट निराळी. सुवर्णदुर्गाला त्यांनी ‘सेव्हर्नड्रूग’ केले. १७५५ साली तो किल्ला घेतला गेला, त्याची आठवण म्हणून लंडनमध्ये १७८४ साली बांधलेला बुरूज आजही त्याच नावाने उभा आहे. अशा रूपांना नियमाने पकडायला जाऊ नका. त्यांची हाताने केलेली छोटी यादी असू द्या.

‘पापलेट’ शोधल्यावर ‘सरंगा’ का येत नाही?

उच्चाराचा तिथे संबंधच नाही. तीच गोष्ट ‘कोळंबी’ आणि मालवणीतल्या ‘सुंगटां’ची. ‘हापूस’ आणि ‘आफूस’ वजन लावलेल्या अंतराने जवळ आणता येतील, ‘अल्फान्सो’ येणार नाही. समानार्थी नावांचा तक्ता वेगळा करा आणि तो किल्ल्यांत मिसळू नका. माणसांच्या बाबतीतही हेच: ‘विठ्ठल’चा ‘विठू’, ‘पांडुरंग’चा ‘पांडू’ हे तक्त्यात जातात.

आमच्या यादीत निम्मी आडनावे ‘-कर’वर संपतात आणि निम्म्या वस्त्या ‘-वाडी’वर. सगळ्यांचीच साम्ये जास्त दिसतात. काय करावे?

बरोबर पकडलेत. ‘सुतारवाडी’ आणि ‘गुरववाडी’ यांच्यात ‘वाडी’ जुळते म्हणून गुण वाढतो, पण त्या जुळण्याने काहीच सिद्ध होत नाही. जो तुकडा यादीत सगळीकडे आहे त्याचे वजन कमी धरायचे, जो क्वचित येतो त्याचे जास्त. सर्वांत सोपी रीत म्हणजे ‘-कर’, ‘-वाडी’, ‘-गाव’, ‘-दुर्ग’, ‘-बंदर’ हे शेवट बाजूला काढून उरलेला भाग ताडायचा, आणि शेवट सारखा असल्यास थोडासा गुण द्यायचा. ‘सावंतवाडी’ कोणी ‘सावंत वाडी’ असे तोडून लिहितो, त्यामुळे ताडण्यापूर्वी मधली जागा काढा.

वस्त्यांची नावे गावोगाव तीच असतात. ‘देऊळवाडी’ शेकडो गावांत सापडेल. गावाचे नाव सोबत नसेल तर ती जोडी मोजूच नका.

दहा हजार नावे आहेत. प्रत्येक नाव प्रत्येकाशी ताडायला किती वेळ लागेल?

दहा हजार नावांच्या जोड्या होतात ४,९९,९५,०००. जवळजवळ पाच कोटी. आजच्या संगणकाला हे अशक्य नाही, पण यादी वाढली की हाल होतात. म्हणून आधी मध्यम किल्लीने किंवा तालुक्याने गट पाडायचे आणि अंतर फक्त गटाच्या आत मोजायचे. गट एकाच निकषावर पाडू नका, नाहीतर पहिलेच अक्षर चुकलेले नाव कायमचे बाहेर राहील. दोन निकष ठेवा आणि दोन्हींतून आलेल्या जोड्या एकत्र करा.

किती गुण मिळाले की दोन नावे एकाच माणसाची मानायची?

याला एक आकडा नाही. कामावर ठरते. वाचनालयात कोणी आजोबांचे नाव शोधत असेल तर दहा चुकीची नावे सोबत आली तरी चालेल, खरे नाव सुटता कामा नये. वारसनोंद किंवा जमिनीचा प्रश्न असेल तर उलट: एक चुकीची जोडणी एखाद्या घराचा हिस्सा हलवू शकते.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शंभर टक्के जुळणारे नावही त्याच माणसाचे असेल असे नाही. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. गोविंद सखाराम परब, त्यांचा मुलगा सखाराम गोविंद परब, आणि त्यांचा मुलगा पुन्हा गोविंद सखारामच. साठ वर्षांच्या अंतराने एकाच गावात, एकाच घरात, नावात एका कान्याचाही फरक नसलेली दोन माणसे. सामाईक खात्यांत तर अशी नावे एकाखाली एक बसलेली असतात. नाव कितीही जुळो, सोबत साल, गाव, वाडी, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर ताडल्याशिवाय माणूस जुळला असे म्हणू नका. संगणकाने जोड्या सुचवाव्यात. ठरवायचे ते घराण्याची माहिती असलेल्या माणसाने, आणि कशावरून ठरवले हेही लिहून ठेवावे.

जुळलेली नावे मूळ यादीत एकसारखी करून टाकावीत का?

नाही. ‘मिठबांव’ लिहिले असेल तर ते तसेच राहू द्या. त्यावरून कागदाचा काळ कळतो. प्रमाण रूप, किल्ल्या, रोमन रूप हे सगळे नव्या रकान्यांत. मूळ रकाना कुलूपबंद.

मोडीतले कागद असतील तर?

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. त्यामुळे लिप्यंतर करणाऱ्याने ‘नेरुर’ लिहिले की ‘नेरूर’ यावर विसंबू नका. घट्ट किल्ली हे आपोआप सांभाळते. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, पण गावातल्या कामात नावे देवनागरीतच उतरवली जातात आणि ते पुरते. मोडीत एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे हा मात्र वेगळा विषय आहे. तिथे चूक आवाजाची नसते, आकाराची असते, आणि त्यासाठी किमतींचा दुसरा तक्ता लागतो. तो मोडी वाचणाऱ्याकडूनच करून घ्या.

एक्सेलमध्ये हे होते का? कोणती साधने घ्यावीत?

व्हीलूकअप या एक्सेलच्या शोधसूत्राच्या शेवटी ‘ट्रू’ दिले की जवळचे नाव मिळते असा समज आहे. तसे नाही. ते अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत त्या जागेच्या आधीची नोंद देते, आणि ती भलतीच असू शकते. एक्सेलला अंदाजे जुळणीची जोडणी वेगळी घालता येते.

डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्यात लेव्हेनश्टाइन आणि तीन-तीन चिन्हांच्या तुकड्यांची जुळणी आहे. त्यातले साउंडेक्स आणि मेटाफोन देवनागरीवर चालवू नका, ती युनिकोडवर नीट चालत नाहीत. पायथॉन येत असेल तर ‘रॅपिडफझ’ आणि ‘जेलीफिश’ उपयोगाची आहेत. प्रोग्रामिंग नको असेल तर ओपनरिफाइन. ते सारखी दिसणारी नावे गटांत मांडून प्रत्येक गट विचारून जोडते, आणि हा विचारण्याचा भाग मला फार योग्य वाटतो. यांतले एकही साधन मराठी किल्ली तयार देत नाही. ती वरच्या नियमांनी एका रकान्यात बनवायची आणि मग साधनाला त्या रकान्यावर चालवायचे.

कारवारकडच्या कोंकणी नावांसाठी एक सोय सांगतो. युनिकोडमधल्या भारतीय लिप्या एकाच आराखड्यावर रचल्या आहेत. देवनागरी क आपल्या गटात ज्या जागी आहे, कन्नड क त्याच्या गटात त्याच जागी. त्यामुळे कन्नड लिपीतले नाव ठरावीक आकडा वजा करून देवनागरीत आणता येते आणि मग हेच नियम लागतात.

आता एआय आहे. मग हे नियम कशाला?

मोठी भाषिक प्रारूपे अशा जोड्या सुचवण्यात मदत करतात, आणि समानार्थी तक्ता भरायला ती चांगली आहेत. पण नाव का जुळवले याचे कारण नोंदीसोबत द्यावे लागते. ‘ळ–ल एक धरले, ऱ्हस्व-दीर्घ सोडले’ हे कारण तलाठ्यालाही समजते आणि घरच्या माणसालाही.

केलेले नियम बरोबर आहेत हे कसे तपासायचे?

आपल्याच गावच्या नोंदींतून दोन याद्या करा. एकीत एकाच नावाच्या निरनिराळ्या लेखनाच्या जोड्या, ज्या जुळायलाच हव्यात. दुसरीत दिसायला जवळची पण वेगळी नावे, जी जुळता कामा नयेत. पहिली यादी भरायला लग्नपत्रिका उत्तम: एकाच कुटुंबाचे आडनाव गावच्या पत्रिकेत एक आणि मुंबईच्या पत्रिकेत दुसरे असते. दुसरी यादी भरायला पोस्टमनला विचारा, कोणती पत्रे चुकीच्या घरी जातात ते. मग प्रत्येक किल्ली दोन्ही याद्यांवर चालवा. पहिलीतल्या किती सुटल्या आणि दुसरीतल्या किती चुकून जुळल्या, हे दोन आकडे वेगळे लिहा, त्यांची बेरीज-सरासरी करू नका. नियम बदलला की पुन्हा चालवा आणि तारीख टाकून ठेवा. नव्या तालुक्याची नोंदवही आली की आधी तिथल्या वीस-पंचवीस जोड्या दोन्ही याद्यांत घाला, आणि मगच बाकीची नावे चढवायला घ्या.